विजारीच्या एका पायात मावलेला माणूस

चि. मेहुणेबुवा फोटोग्राफर यांस,

अनेक आशीर्वाद. तुझी पाठदुखी कशी आहे, स्टुडिओतला मळका पडदा बदललास का, सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं का? ही चौकशी मनापासूनची आहे, कारण पुढे मी तुझ्यावर मनापासूनच चिडणार आहे.

तीन वर्षांपूर्वी माझ्या जठराचा बराचसा भाग कापून उरलेल्याची केळ्याएवढी नळी केली, पस्तीस किलो उतरले आणि तू मला माझ्याच जुन्या विजारीच्या एका पायात उभं करून फोटो काढलास. (दुसऱ्या पायात तुझी बहीण उभी करू म्हणालास. ती तुझ्याशी आठवडाभर बोलली नाही, ते योग्यच झालं.) तो फोटो हॉस्पिटलनं वेटिंग रूममध्ये पुरुषभर उंचीचा लावलाय, खाली 'यशोगाथा' असं लिहून. पुढे निम्मं वजन छातीतली जळजळ सोबत घेऊन परत आलं, तो अध्याय गाथेत नाही. म्हणून दीड महिन्यापूर्वी दुसरं ऑपरेशन. यात जठराचा लिंबाएवढा तुकडा ठेवतात आणि आतडं वर ओढून थेट त्याला जोडतात. आता तो जोड आकसलाय. उकडलेल्या बटाट्याचा घास छातीत अडतो, दहा मिनिटं विचार करतो आणि आल्या वाटेनं परत जातो.

परवा हे दाखवायला त्याच वेटिंग रूममध्ये दीड तास बसलो. रिकामी खुर्ची एकच होती, नेमकी माझ्या फोटोखालची. समोरची रांग एकदा वर बघे, एकदा खाली, दोन पोथ्यांतले पाठभेद तपासावेत तशी. शेवटी बँकेत कॅशियर असलेल्या एका बाईंनी विचारलंच, "तुम्हीच ना ते?" नाही म्हणायची सोय तू ठेवली नव्हतीस. मग चहूकडून खुर्च्या सरकल्या. काय खाता, किती चालता, केस गळतात का. बाईंनी नवऱ्याला फोन लावून कळवलं की फोटोतले गृहस्थ प्रत्यक्ष भेटलेत. गृहस्थांच्या खिशात त्या वेळी उलटीची पिशवी होती.

आत सर्जन आणि चार शिकाऊ डॉक्टर. माझी ओळख 'आपले भिंतीवरचे पेशंट' अशी करून दिली गेली. घास अडतो म्हटलं, तर म्हणे ते अपेक्षितच आहे. अरे, अपेक्षित होतं तर ते मला कापण्याआधी सांगायचं की नंतर? (फॉर्मवर छापलेलं असतं म्हणे. तो फॉर्म मला स्ट्रेचरवर आडवा झाल्यावर दिला होता, चष्मा काढून घेतल्यावर.) मग दाराच्या मुठीवर हात ठेवून त्यांनी पर्याय सांगितले. तोंडातून दुर्बीण घालून फुग्यानं जोड रुंद करायचा. दोन-तीनदा करावं लागेल, क्वचित जोड फाटतो. त्यानं भागलं नाही तर आत जाळीची नळी बसवायची, ती कधी कधी घसरते. तेही जमलं नाही तर तिसरं ऑपरेशन. नुसता घास अडत असेल तर फुगा पुढच्या गुरुवारी, घाई नाही; पाणीही उतरत नसेल तर त्याच दिवशी भरती. वीस वर्षं वर्गात मी एकेका श्लोकाला अख्खा तास देत आलो आणि माझ्या पोटाला पाऊण मिनिट. पाणी जातंय ना, असं विचारून, हो म्हटल्यावर पाठ थोपटून पुढच्या पेशंटला हाक.

तेव्हा मागणी एवढीच. फोटो तू काढलास, तूच तो उतरव. शिडी घेऊन जा, भांडण काढ, माझं नाव सांग. लोक तो बघून पोट कापून घेतायत आणि त्यातला माणूस खाली बसून आवंढा गिळतोय, तोही गिळला जात नाही.

राग कळावा. लोभ होता तेवढाच आहे, वजनासारखा कमीजास्त होत नाही.

तुझे,
भाऊजी

ता.क. कॅशियरबाईंचंही माझ्यासारखंच दुसऱ्यांदा ऑपरेशन ठरतंय. "तुम्हाला त्रास नाही ना काही?" असं त्यांनी जाताना विचारलं. मी म्हणालो, "अजिबात नाही." वरचा मी इतका हसत होता की खालच्याला वेगळं बोलवेना. त्यांना गाठून खरं सांगायचंय.

ता.क. २. तसलंच उत्तर मी आतही दिलं. चार शिकाऊ बघत होते. पाणी मंगळवारपासून उतरत नाही. चमचाभर घेतलं तर निम्मं परत येतं, आणि आज सकाळपासून उभं राहिलं की भिंत धरावी लागते.

ता.क. ३. फोनच केला असता, पण तुझी बहीण शेजारच्या खोलीत आहे आणि मी नुसता भुकेनं चिडलोय असं तिला वाटतं. म्हणून या पानांचे फोटो काढून पाठवतोय. तिला गाडीत बसल्यावर सांगू. ते भिंतीवरच्या फोटोचं नंतर बघू, आत्ता हातातलं काम टाकून गाडी घेऊन ये. आणि सर्जननं पाणी जातंय का विचारलं, की उत्तर तू दे.