बावन्न वर्षांचा पहारा

बाबा,

चिमीला घेऊन सातच्या गाडीनं परभणीला चाललेय. तुमचा डोळा लागला होता, म्हणून उठवलं नाही. टीबीच्या गोळ्या चहाआधी घ्या अन् खिडकी उघडीच राहू द्या.

काल डॉक्टरांसमोर तुमच्यावर ओरडले, ते चुकलंच. पण साखर तपासायच्या आधी दोन दिवस ताक-भाकरीवर राहायचं, चांगला रिपोर्ट आणायचा अन् घरी येताना जिलेबी खायची! तीन महिन्यांची साखर दाखवणारी तपासणी झाली, तेव्हा सगळं उघडं पडलं.

डॉक्टर म्हणाले, हे जंतू बहुतेक तुमच्या लहानपणचेच. तुमच्या आजीला टीबी होता अन् तुम्ही तिच्याच कुशीत झोपायचात. तेव्हापासून अंगातल्या पेशींनी त्यांना घेरून, भोवती भिंत घालून डांबून ठेवलं होतं. बावन्न वर्षं, बाबा! तुम्ही शाळा शिकवली, आमची लग्नं केली, अन् आत हा पहारा एक दिवस सुटला नाही. आपल्याला पत्ताच नाही! रक्तात साखर वाढत गेली तसे ते पहारेकरी सुस्तावले अन् भिंत ढासळली. लय नवल वाटतं मला. तुमचा रागही येतो.

साखरेचा डबा शेजारच्या सरजामावशीकडं ठेवलाय. मागितला तरी ती देणार नाही.

चिमीची तपासणी करून संध्याकाळी येते. तीही रोज तुमच्याच कुशीत झोपती. तुमची नात चार वर्षांची हाय, बाबा. तिचे पहारेकरी अजून लहान आहेत.

धम्मशीला