पाठ दाखवणाऱ्यावर मोफत वार

शनिवार, ४ मार्च
टेबलावरचा आजचा फाशांचा खेळ तलवारीवरून बंद पडला. मेहुण्याचा योद्धा काळ्या सरदारासमोरून दोन पावलं मागे सरला. मी, गोष्ट सांगणारा आणि शत्रूंना खेळवणारा गेम मास्टर या नात्याने, सरदारातर्फे त्याच्यावर एक जादा वार केला. मेहुणा म्हणे, मागे सरणं वेगळं, पाठ दाखवणं वेगळं. ते सिद्ध करायला तो माझीच छत्री उपसून हॉलभर उलटा चालला. दिव्याची काच फुटली. आमच्यात खेळणाऱ्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी नियमांचं पुस्तक चाळलं, तर एका पानावर हो आणि दुसऱ्यावर नाही. बायको काचा गोळा करत होती. तिने कुणाचीच बाजू घेतली नाही, म्हणजे माझीच घेतली.
ठराव: तलवारीचे नियम मी एकदाचे स्पष्ट करणार. एकच पान. उद्या सकाळी.

रविवार, ५ मार्च
सकाळी ९. श्रीगणेशा. 'तलवार म्हणजे काय' इथपासून.
दुपारी १. लांब कट्यारीला तलवार म्हणावं का? अडलो.
संध्याकाळी ६. एक पान झालं. ते प्रस्तावनेचं आहे.

बुधवार, ८ मार्च
गोदामाच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत तीन महत्त्वाचे नियम झाले.
नियम १: टेबलाशी बोललेलं ते घडलेलं. (मेहुण्याला बोलून मग 'गंमत केली' म्हणायची खोड आहे.)
नियम २: गेम मास्टर जे बोलेल ते काळा सरदार बोलला असं धरावं. (दर वेळी 'सरदार म्हणतो' म्हणून माझा घसा बसतो.)
नियम ३ कट्यारीवर अडला आहे.
नियम ४: जो पाठ फिरवून जागा सोडेल त्याच्यावर जवळच्या प्रत्येकाला एक मोफत वार. मोफत वार चुकत नाही.
मेहुण्याचं नाव कुठेही घातलेलं नाही. त्याला कळेल.
साहेबांनी मागून येऊन वाचलं. हे गोदामाचं आहे का, विचारलं. हो म्हणालो.

शनिवार, ११ मार्च
खेळ रद्द केला. नियम अपुरे असताना खेळणं बेजबाबदारपणाचं आहे. तिघं म्हणाली, तसंच खेळू. म्हणणारच.
तेवीस पानं झाली. बायको टाईप करते आहे. नियम दोनपाशी थांबून तिने विचारलं, नक्की का? हसू आलं. चार वर्षं खेळते, पण बारकावे अजून कळत नाहीत.

गुरुवार, १६ मार्च
किती वाजले ते बघायला बायकोचा फोन उचलला. त्यात एक नवा ग्रुप. नाव 'शनिवार'. माणसं तीन. मी नाही.
मग वाचलं. नुसते आकडे: एक, दोन, चार. पुन्हा एक, दोन, चार. खाली डॉक्टरीणबाईंचा अंगठा.
म्हणजे माझ्या नियमांचा अभ्यास चालला आहे आणि मला सुखद धक्का द्यायचा बेत आहे. उगाच संशय घेतला. लाज वाटली.

शनिवार, १८ मार्च
दुपारी २. आज किल्ल्याच्या दारात शेवटची लढाई. तिघं एकीकडे, काळा सरदार एकटा. चार वर्षं मी त्याला जपलं आहे. त्याची बोटभर मूर्ती दोन महिने बसून रंगवली, भुवयांसकट. आज तो सुटतो, पुढच्या वर्षी फौज घेऊन परततो. सगळं लिहून तयार.

संध्याकाळी ५. घडलं तसं लिहितो.
पहिली चाळीस मिनिटं नुसत्या शंका. म्यान हे हत्यार आहे का? डावखुऱ्याची पाठ कुठली? तलवार शिंकताना पडली तर? मी प्रत्येकीचं उत्तर कलमासकट दिलं. मेहुण्याने तिसऱ्यांदा म्यानाचा विषय काढला, तेव्हा माझं डोकं सटकलं. उठलो. मला नाही खेळायचं, मी चाललो, असं म्हणालो आणि पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो.
मागे फासे पडल्याचा आवाज आला.
परत आलो तर तिघं गंभीर. बायको म्हणाली, "टेबलाशी बोललेलं ते घडलेलं. तू चाललास म्हणजे सरदार चालला. तोही पाठ फिरवून."
तीन मोफत वार. फासे फक्त घाव किती खोल ते ठरवायला. मेहुण्याचा एक, डॉक्टरीणबाईंचा एक, आणि शेवटचा बायकोचा. वीस बाजूंच्या फाशावर अठरा पडले. तिने मूर्ती आडवी केली. हळूच केली, हे मान्य करतो.
ज्यांना मी फासा धरायला शिकवलं, त्यांनी माझ्याच कागदाने माझा गळा कापला. परक्याने केलं असतं तर इतकं लागलं नसतं. टाईप करतानाच ठरवलं होतंस का, असं बायकोला विचारलं. ती म्हणाली, मी नक्की का म्हणून विचारलं होतं.

रविवार, १९ मार्च
ठराव: पुन्हा खेळणार नाही. पुस्तकं खोक्यात भरली, चिकटपट्टी लावली.
दुपारी ४. चिकटपट्टी काढली. नियम चार पुन्हा तपासला. कुठेही पळवाट नाही. लिखाण चोख आहे. तेवढ्यानेच जरा बरं वाटलं.

शनिवार, २५ मार्च
आमच्याच हॉलमध्ये खेळले. आता गेम मास्टर बायको. मी आत वर्तमानपत्र वाचत होतो, दार हवेसाठी किलकिलं. दोन तासांत एकाही नियमावरून वाद नाही. हसणं मात्र सारखं. तिने माझी तेवीस पानं एका पानावर आणली आहेत.
चहा घ्यायला म्हणून बाहेर आलो. चौथी खुर्ची मांडलेली होती. बसलो, पाय दुखत होते म्हणून.
मला मशालजी केलं. तलवार नाही. भुयारात शिरताना मशाल कुठल्या हातात, हे मी विचारायला लागलो, तर बायकोने फासा पुढे सरकवला. दोन पडले. मशाल विझली. माझ्यामुळे सगळे अंधारात. मेहुण्याने माझ्या पाठीवर थाप मारली. मी दचकलो.

संध्याकाळी ७. मशालीच्या नियमांत भयंकर गोंधळ आहे. एकच पान लागेल. टाईप करून देशील का, असं बायकोला विचारलं.
तिने विचारलं, नक्की का?
पेनाला टोपण लावलं.