तुझा हातगुण

आई, आज माझ्या गोठ्यातल्या सगळ्या गायींच्या दुधाची तपासणी आली. कासेच्या दगडीचा जंतू एकीलाही नाही! डेअरीवरचा माणूस म्हणाला, "बाई, तुमच्याच गायींचं दूध हाय नव्हं?" मी म्हटलं, "न्हाय, शेजारणीकडनं उसनं आणलंय!" घरी येईपर्यंत हसत होते. मग वाटलं, हे आधी तुला सांगायला पाहिजे.

माळशिरसच्या गोठ्यातली आपली तांबडी तुला आठवत असेलच. तिची कास घट्ट झाली, दुधात गाठी आल्या, आणि सगळे म्हणाले, दगडी झाली. मला ती सकाळ अजून दिसते. तू पदर खोचून आधी तिच्यापाशीच बसतेस. "तिला ठणकतंय गं. आधी तिला मोकळी करते, बाकीच्या थांबत्याल की." तिची कास पुसलेल्या फडक्यानंच पुढचीची पुसतेस, मग तिच्या पुढचीची. थंडीनं तुझ्या बोटांना भेगा पडल्यात. बघता बघता सगळ्या दावणीला दगडी झाली. मीठ-मिरच्या ओवाळून झाल्या, काही उपयोग नाही. शेजारची काकू तर तुझ्या तोंडावर म्हणाली, "हिचा हातगुणच वाईट."  त्यानंतर कुणाची गाय व्याली आणि पहिली धार काढायला बोलावणं आलं, तरी तू तिच्या कासेला हात लावायला गेली नाहीस. शेवटपर्यंत नाही. त्या काकूचा मला अजून संताप येतो.

पुढं मी स्वतःचा गोठा घातला, तेव्हा जनावरांच्या डॉक्टर मॅडमनी समजावलं. स्टॅफिलोकोकस नावाचा जंतू असतो. सडाच्या तोंडातून आत शिरतो आणि कासेत इतका खोल दडून बसतो, की कधीकधी औषधही तिथवर पोचत नाही. आजारी गायीच्या दुधातून तो धार काढणाऱ्याच्या हाताला आणि फडक्याला लागतो, भेगाळल्या कातडीत टिकून राहतो, आणि तिथून पुढच्या गायीला. मी मान हलवत होते, पण डोळ्यांपुढं तूच होतीस.

तेव्हापासून माझ्या गोठ्यात निरोगी गाय आधी, दगडीची शेवटी. प्रत्येकीला वेगळं धुतलेलं फडकं, आणि धार झाली की सड औषधात बुडवायचे. सून नवी होती तेव्हा म्हणाली, "आत्या, मुक्या जनावरांना रांग काय कळतीय?" म्हटलं, "त्यांना नसंल कळत, तुला कळली म्हंजे झालं!" आता रांग चुकली की तीच माझ्यावर डाफरते.

हल्ली गावोगावच्या बायका मला शिकवायला बोलावतात. मोडनिंबला एक बाई ऐकता ऐकता रडायलाच लागली. "म्हंजे माझ्याच हातानं झालं व्हय वो?" मी तिचे हात धरले. "जंतूनं झालं, बाई. दुखऱ्या गायीपाशी जी आधी बसती, तिच्यावाणी माया कुणाला हाय? माझी आई तशीच बसायची." एवढ्या बायकांसमोर तुझं नाव काढलं. लई अभिमान वाटला, आई.

तुझा हातगुण वाईट नव्हता, एवढं तुला सांगायला मी किती वर्षं तळमळतेय. पण तू गप्प बसणारी नव्हेस. "मग कशानं झालं गं?" असं विचारलंच असतंस, आणि त्याचं उत्तर द्यायला माझी जीभ उचलली नसती. खरं सांगते, तू जिवंत असतीस तर हे पत्र मी तुला वाचू दिलं नसतं.