पायातल्या चपला

पागोटे, ता. उरण
१० फेब्रुवारी २०२५

चि. प्राप्तीस,
आजीचा आशीर्वाद. इकडं सगळी ठीक हायत, तिकडंही असावीत.

फोनवर तुझा बाप मध्येच तोंड घालतो, म्हणून कागद घेतला. चौथीपर्यंतचं माझं अक्षर, सांभाळून वाच. तू जेवत न्हाईस असं तुझी आई म्हणाली. कॅनडात तांदूळ संपला काय? वर्गात तुझा पहिला नंबर येईपर्यंत चपला घालणार न्हाय, असं मी दिवाळीतच गावदेवीला बोललेय. तुझ्या बापाने, हितेशने, सांगितलं असेलच. देवी ऐकते. तू जेव आणि अभ्यास कर.

लोभ हाय, तो जेवणाऱ्यांवर जास्त.
तुझी आजी, सगुणा

ब्रॅम्प्टन
२ मार्च २०२५

ती. आजीस,
प्राप्तीचा सा. न. वि. वि.

पाचवीपर्यंत उरणला शिकले म्हणून एवढं लिहिता येतं. हसू नकोस. गणिताच्या चाचणीत मी कोरा पेपर दिला. प्रश्नाचं इंग्रजी लागेपर्यंत पोटात कळ आली. मग तुझे पायच दिसत राहिले, बंदराकडे ट्रेलर जातात त्या रस्त्यावर, तापलेल्या डांबरावर. पपा ट्रकवरून आले की रोज म्हणतात, आजी तुझ्यासाठी अनवाणी फिरते, विसरू नकोस. आजी, इथे वर्गात नंबर काढतच नाहीत. पपांना सांगितलं तर म्हणाले, बहाणे नकोत. म्हणजे तू कायमचीच तशी चालणार का? कोऱ्या पेपरचं पपांना तूच सांग. माझी हिंमत होत नाही.

रागावली नसशील तर उत्तर पाठव.
तुझी प्राप्ती

पागोटे
१८ मार्च २०२५

चि. हितेश,
आशीर्वाद मागाहून, आधी ऐक.

पोरीने गणिताचा कोरा पेपर दिलाय. तिच्यावर ओरडलास तर गाठ माझ्याशी हाय. जिथं नंबरच न्हाईत तिथं मी पहिला नंबर मागत बसले, आणि तू एवढा देश बघितलेला माणूस, तुला मला सांगता आलं न्हाय? तू दहावीत दोनदा आपटलास तेव्हा मी चपला सोडल्या न्हाईत. काढल्या होत्या त्या तुझ्या पाठीसाठी.

माझे पाय पोरीच्या डोक्यावर ठेवायचे न्हाईत. आज गावदेवीला जाऊन सांगितलं, पोरीचं पोट दुखतंय, माझं मागणं परत घेते. अंबाजी पुजारी म्हणाला, बोललेला नवस असा मोडता येत न्हाय. मी म्हटलं, तोंड माझं, पाय माझे, तू नारळ फोड. फोडला गुपचूप.

आता तुझं काम. शाळेत जा, पोरीला कुठं अडतं ते मास्तरणीला विचार. संध्याकाळी तिच्याबरोबर जेवायला बस आणि तेव्हा अभ्यासाचं नाव काढू नकोस. परीक्षा झाली की तिला इकडं पाठव. मार्क कितीही पडोत.

हे पत्र तिला मोठ्याने वाचून दाखव. तिला सांग, येताना देवळाच्या पायरीवरून चपला घालूनच आले. सवय सुटली, फार चावतात. काढणार न्हाय.

माया हाय, पण सांगितलेलं केलंस तर.
तुझी आई, सगुणा