सातच्या हिशेबातली शंभरी

३ ऑगस्ट
ताईची शंभरी करायचीच. बस्स! ठरलं म्हणजे ठरलं.

आज इस्पितळात ताईला तपासून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "फार पुढचं धरू नका." धरणार तर! ताईला आत्ता अठ्ठेचाळीस. वीस सप्टेंबरला एकोणपन्नास. आणि एकोणपन्नास म्हणजे शंभर — सातच्या हिशेबात.

४ ऑगस्ट
लिहून ठेवते, नाहीतर मीच घोळ घालीन. गणित ताईचं, मी आपली शिवणकामवाली. लहानपणी तिने मला हे बटणांवर शिकवलं. आपण दहा-दहाचे गठ्ठे बांधतो, दहा गठ्ठ्यांची एक पेटी. शंभर म्हणजे एक पेटी, सुटं काही नाही. ताई म्हणाली, "पण दहाच का गं? बोटं दहा म्हणून!" गठ्ठा सातचा बांध, पेटी सात गठ्ठ्यांची कर — एकोणपन्नास बटणांत पेटी भरते. लिहायचं १००. बटणं तेवढीच, लिहिणं वेगळं. मी म्हटलं होतं, ही शुद्ध लबाडी! हसून हसून लोळली होती.

दर वाढदिवसाला तिच्या बरणीत एक बटण पडतं. पुढचं आणूनही ठेवलंय. पितळी, नक्षीचं.

११ ऑगस्ट
नवं इंजेक्शन सुरू. ताईने नाक मुरडलं. मुरडू दे.

१९ ऑगस्ट
चमचा धरवत नाही तिला. दोन घास गेले की उलटी. "पुरे गं आता," म्हणते.

मी म्हटलं, "सातच्या हिशेबात तू सहासष्ट आहेस. त्यात सहाच्या पुढे आकडाच नाही — म्हणजे आपले नव्व्याण्णवच! नव्व्याण्णववर आऊट व्हायचंय?" डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. बघू देत.

२७ ऑगस्ट
पुढचा डोस घ्यायचा का, डॉक्टरीणबाईंनी विचारलं ताईला. उत्तर मी दिलं — "घेणार!" ताईने भिंतीकडे तोंड फिरवलं. असा राग आला! माझ्यासाठी एवढंही करवत नाही हिला?

२९ ऑगस्ट
ताईने बरणी मागितली. म्हटलं, आली ताळ्यावर! घरून आणली, चादरीवर बटणं ओतली. ताई ढीग करायला लागली. चार-चारचे.

"सात, ताई!"

"गप बस."

बारा ढीग झाले. मग चार ढिगांची एक पेटी. तीन पेट्या. सुटं एकही बटण नाही. "लिही," म्हणाली. मी चादरीवर बोटाने लिहिलं — ३००.

"शंभरी केव्हाच मागे पडली, वेडे. तीनशेची म्हातारी आहे मी. आता तरी घरी ने."

इतकी वर्षं बरणी माझ्याच कपाटात, आणि मला सातापलीकडे सुचलं नाही!

"ही शुद्ध लबाडी," मी म्हटलं, आणि रडायलाच लागले. ती हसली. खूप दिवसांनी.

३० ऑगस्ट
इंजेक्शन बंद. डॉक्टरीणबाईंना मीच सांगितलं. हट्टी तर मी आहेच — आता हट्ट एवढाच, तिला दुखू द्यायचं नाही. घरी आणलं.

६ सप्टेंबर
शिलाई मशीन तिच्या खोलीत हलवलंय. मी शिवते, ती पडल्या पडल्या चुका काढते. "बाही वाकडी आहे." होतीच वाकडी! उसवली.

१४ सप्टेंबर
ताई गेली. वय वर्षं तीनशे.