बघू कोण ओरडतं

३ फेब्रुवारी
विद्यापीठाच्या लायब्ररीत आज नवं युग सुरू. करणारा: अस्मादिक. प्रबंधांची अख्खी डिजिटल रिपॉझिटरी जुन्या सर्व्हरवरून नव्या मशीनवर नेली. या एकाच मशीनच्या पोटात सहा सर्व्हर नांदतात, सगळे व्हर्च्युअल. घरी येऊन सांगायला तोंड उघडलं, तर ऐकायला कोण? बायको मुलीच्या बाळंतपणाला गेली आहे. बरंच आहे. शांतता मिळते.
उद्यापासून पहाटे फिरायला जाणे.

४ फेब्रुवारी
फिरणं राहिलं. बूट सापडले नाहीत.
जुना सर्व्हर मोडीत काढायचाय. आमच्या धंद्यातली रीत अशी: आधी गुपचूप बंद करायचा आणि कोण ओरडतं ते बघायचं. कुणीच ओरडलं नाही, तर भंगार. आज केला बंद. ओरडतील नक्की. बारा वर्षं जिवापाड सांभाळलाय मी त्याला. ग्रंथपालबाईंना म्हटलं, बघा, फोनवर फोन येतील. त्या म्हणाल्या, कुठला सर्व्हर?

५ फेब्रुवारी
एकही फोन नाही. म्हणजे काम इतकं सफाईदार झालं की कुणाला पत्ताच लागला नाही. वा रे मी!
संध्याकाळी डोकं चाललं. बायकोला रोज फोन मीच करतो. का म्हणून? हीच टेस्ट घरी लावायची. आजपासून आपण फोन करायचा नाही. दोन दिवसांत तिचा जीव खालीवर होईल. बिचारी.

७ फेब्रुवारी
अजून ओरड नाही. नातवंडापुढे उसंत मिळत नसणार. लायब्ररीच्या फोनवरून स्वतःच्या मोबाइलला रिंग देऊन पाहिली. वाजतो.
भात करपला. वरवरचा खाल्ला.

१० फेब्रुवारी
ओरडलं, कुणीतरी ओरडलं! शिपाईमामा तणतणत आले. सर्व्हर का बंद केला म्हणे. मी आनंदाने विचारलं, कुठला प्रबंध उघडत नाहीये? तर म्हणाले, प्रबंध गेला खड्ड्यात साहेब, त्या मशीनवर माझा डबा गरम राहायचा, आठवडाभर गारढोण जेवतोय मी.
पोट धरून हसलो. मग जागेवर येऊन बसलो आणि त्या खोक्याचा चक्क हेवा वाटला.

११ फेब्रुवारी
जुना सर्व्हर परत चालू केला. फाइलवर कारण लिहिलं: तांत्रिक. मामा खूश.
घरी फोन उशाशी ठेवला. फक्त गजरासाठी.

१२ फेब्रुवारी
शेवटी मीच फोन केला. हार मानली वगैरे काही नाही, तिला उगाच काळजी नको म्हणून. लगेच उचलला. म्हटलं, किती दिवस झाले गं बोलून. ती म्हणाली, अहो, किती दिवस काय, कालच नाही का बोललो आपण? मागे बाळ रडत होतं.
मी म्हटलं, हो, कालच.