घरच्या माणसाचा एक गुण कमी

मानेवाडा, नागपूर
सोमवार, दुपारच्या चहाची वेळ

राजमान्य राजश्री धोंडबाजी यांसी,

मानेवाड्याहून आपले व्याही बाबाराव यांचा साष्टांग नमस्कार (गुडघा वाकत नसल्यामुळे तो मनातल्या मनात घातला आहे, पण पूर्ण घातला आहे). सौ. विहीणबाई तुळसाबाईंची कंबर आता कशी आहे? कपाशीची वेचणी कुठवर आली? आणि सावनेरचा तो दातांचा डॉक्टर आपली दाढ शेवटी काढणार आहे की नुसताच दर आठवड्याला तिची चौकशी करणार आहे, हे सविस्तर कळवावे. इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत. (पत्रात असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. खुशाल कोणीही नाही.)

या जमान्यात पत्र का, असं आपल्याला वाटलं असेल. फोन केला असता, पण आपली हिमानी, म्हणजे आमची सून, सध्या आपल्याकडे आहे आणि आपला फोन बहुतेक तीच उचलते. तिनं आमच्या कुटुंबाचा मोबाइलवरचा ग्रुपही सोडला. पूर्वी कुणी रुसून माहेरी गेलं तर निदान चार दिवस झाकून ठेवता यायचं. आता ‘हिमानीने ग्रुप सोडला’ अशी करड्या अक्षरांतली ओळ येते आणि अमरावतीपासून रायपूरपर्यंत सगळे नातेवाईक एकाच वेळी ती वाचतात. माझ्या चुलतभावानं तर त्या ओळीखाली अंगठा दाखवला. (तो सगळ्यालाच अंगठा दाखवतो. मागच्या महिन्यात एकाच्या दहाव्याच्या निरोपालाही दाखवला होता.)

ती आपल्याला ‘चार दिवस आरामाला आले’ म्हणाली असेल तर तो तिचा मोठेपणा. खरं कारण मी आहे. म्हणजे मी नाही, मोबाइलमधल्या चांदण्या आहेत. पण हे समजायला थोडं मागून सांगावं लागेल, तेव्हा आपण पान लावून घ्यावे आणि दाढेची बाजू सोडून चावावे.

आपल्याला ठाऊकच आहे की मी जन्मभर गणित शिकवलं. माझ्या हातून साठ गुण मिळणं म्हणजे फर्स्ट क्लास, आणि ज्याला मिळाला त्याच्या घरी पेढे वाटले जात. शंभर हा आकडा मी परमेश्वरासाठी राखून ठेवला होता, आणि त्यानं कधी माझ्या वर्गात पेपर दिला नाही. आपला जावई रजत माझ्याच शाळेत होता. घरचा पोरगा म्हणून त्याच्या प्रत्येक पेपरातला एक गुण मी कापत असे, उद्या कुणी बोट दाखवायला नको. तो आज बुटीबोरीच्या कापड कारखान्यात शिफ्टचा साहेब आहे, तरी अजून जेवताना मधूनच त्या गुणांची आठवण काढतो.

तर असा माणूस निवृत्त झाला आणि मुलानं त्याच्या हातात स्मार्टफोन दिला. धोंडबाजी, काय सांगू! जो तो माझ्याकडे गुण मागू लागला. बँकेत फोन केला की बँक विचारते, आमची सेवा कशी वाटली? सिलिंडर आलं की विचारते, टॅक्सीतून उतरलो की विचारते, वॉशिंग मशीन घरात येऊन अजून प्लग लागलेला नाही तर तेही विचारते. पाच चांदण्या समोर मांडलेल्या आणि खाली शेरा लिहायला जागा. अख्खी बाजारपेठ उत्तरपत्रिका घेऊन माझ्या दारात उभी! मी लाल पेनाशिवाय पुन्हा मास्तर झालो. वॉशिंग मशीनला लिहिलं, ‘काम नीटनेटके. बडबड कमी करावी.’ कूलरला लिहिलं, ‘मे महिन्यात प्रयत्न प्रामाणिक, सातत्य हवे.’ कानात घालायच्या त्या बिनवायरच्या बोंडांना लिहिलं, ‘एका कानाचे लक्ष नाही.’ बोंडांना दोन दिल्या, बाकी सगळ्यांना तीन. पाचापैकी तीन म्हणजे साठ टक्के, म्हणजे फर्स्ट क्लास. मी तर म्हणतो, माझ्याइतक्या उदारपणे या देशात कुणी कूलर तपासला नसेल.

पहिली कुरबुर केली ती लहानूनं. लहानू माझा जुना विद्यार्थी, आता टॅक्सी चालवतो. कळमन्याच्या बाजारातून मला संत्र्यांच्या पेटीसकट घरी आणून सोडलं, पेटी जिन्यानं वर चढवून दिली. मी खूश होऊन तीन चांदण्या दिल्या आणि शेरा लिहिला, ‘प्रगती समाधानकारक.’ दुसऱ्या दिवशी स्वारी दारात. ‘सर, काहून नाराज झाले माह्यावर? पेटी बी वर आणून देल्ली ना!’ मी म्हटलं, अरे, फर्स्ट क्लास दिला तुला! तर म्हणतो, ‘सर, तिथं पाच म्हणजे पास अन् तीन म्हणजे नापास राह्यते.’ मी विचारलं, पाच म्हणजे नुसता पास, तर पहिला नंबर येणाऱ्याला काय देतात, सहा? यावर तो डोकं खाजवू लागला (दहावीतही खाजवायचा). मी त्याला चहा पाजला, टक्केवारी पुन्हा समजावून सांगितली आणि परत पाठवला. तेव्हाच शहाणा झालो असतो तर आज हे पत्र लिहावं लागलं नसतं.

आता हिमानीचं. खाजगी क्लासमधली नोकरी सोडून तिनं घरच्याच ओट्यावर स्वयंपाकघर सुरू केलं आणि घरपोच जेवण पोचवणाऱ्या एका ॲपवर टाकलं, हे आपल्याला माहीत आहेच. गोळाभात, पातोडीचा रस्सा, झुणका-भाकर. सुरुवातीला ऑर्डरी बेताच्याच येत, पण पोरीनं धीर सोडला नाही. नोकरी सोडली तेव्हा आमच्याच नात्यातल्यांनी नाकं मुरडली होती, त्यामुळे हे जमवून दाखवायचंच असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं. एक दिवस मला म्हणाली, ‘बाबा, तुमच्या बागेतल्या ग्रुपले सांगा ना, जेवण मागवा अन् रेटिंग द्या म्हणावं.’ धोंडबाजी, सुनेनं सासऱ्याकडे प्रथमच काही मागितलं. मला इतका आनंद झाला की मी दुसऱ्या दिवशी बागेत फिरण्याऐवजी भाषणच केलं.

आमचा ग्रुप म्हणजे सगळे निवृत्त शिक्षक. मी बजावलं, माझी सून आहे म्हणून भीड धरू नका, नातं पाहू नका, योग्य ते गुण द्या. (हे वाक्य सौ. देवकी मला आता रोज सकाळी चहाबरोबर ऐकवते.) रविवारी सगळ्यांनी पातोडी आणि गोळाभात मागवला (मीही मागवला, बागेतल्या बाकावरूनच). सगळ्यांनी बोटं चाटली. आणि एक सोडून सगळ्यांनी शाळेतल्या इमानदारीनं तीन तीन चांदण्या दिल्या. शेरे काय एकेक सुंदर! ‘रस्सा खाऊन आईची आठवण आली.’ तीन. ‘असा गोळाभात माझ्या लग्नातही नव्हता.’ तीन. आमच्या सिंधूताई, मराठीच्या, त्यांनी अर्धं पान लिहिलं, डोळ्यांत पाणी आलं म्हणाल्या, आणि अडीच द्यायला गेल्या. ॲप अर्धी चांदणी घेईना म्हणून दोनवर आल्या. त्या ॲपला शेरे वाचता येत नाहीत, धोंडबाजी. त्याला फक्त चांदण्या मोजता येतात. असला परीक्षक मी बोर्डाच्या कामावर एक दिवस टिकू दिला नसता.

त्यानंतर हिमानीला निरोप आला की ग्राहक समाधानी नसल्यामुळे आपले स्वयंपाकघर यादीत खाली नेण्यात येत आहे. खाली म्हणजे किती खाली? मी बोटानं यादी सरकवत सरकवत गेलो. पिझ्झे संपले, बिर्याण्या संपल्या, केकवाले संपले, एक कुत्र्यांचं खाद्य विकणारा लागला, आणि त्याच्याखाली आमची हिमानी. सकाळी उठून रस्सा करायची, फोन समोर ठेवून ओट्याशी उभी राहायची. फोन वाजेना. त्या आठवड्यात आम्ही दोन्ही वेळा पातोडीच खाल्ली, आणि मी रोज जेवून उठताना म्हणत होतो, ‘ठीक आहे.’

मग तिनं चांदण्या देणाऱ्यांची नावं उघडून पाहिली. सगळ्यांत वर मी. तिथं माझा फोटो आहे, निवृत्तीच्या समारंभातला, गळ्यात हार घातलेला. ती काही रागावून बोलली नाही, हेच वाईट झालं. एवढंच म्हणाली, ‘आवडत नव्हतं तर मले तोंडावर सांगायचं होतं ना, बाबा. मी परकी आहो काय?’ आणि दुपारच्या गाडीनं सावनेरला निघून आली. जाताना ॲपवरचं स्वयंपाकघर ‘बंद’ करून आली. मला समोर उभं राहून काही म्हणता आलं नाही. फळ्यासमोर तासन्‌तास बोलणारा माणूस मी, तिची पिशवी तेवढी फाटकापर्यंत नेऊन दिली.

मी मग ॲपच्या मदतकेंद्राला गाठलं. आधी एक यंत्र बोललं. त्याला माझी काळजी समजत होती, माझी गैरसोय समजत होती, फक्त माझं म्हणणं समजत नव्हतं. त्यानं मला पिझ्झ्यावर सूट दिली. नंतर काजल नावाची मुलगी आली, तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की दिलेल्या चांदण्या बदलायला त्याच स्वयंपाकघरातून पुन्हा जेवण मागवावं लागतं. आता स्वयंपाकघर बंद, स्वयंपाकीण सावनेरला. शेवटी काजलनं विचारलं, आमची सेवा कशी वाटली? पोरगी फार सौजन्यानं बोलली होती, म्हणून मी कौतुकानं तीन चांदण्या दाबल्या. आणि दाबल्याबरोबर लहानू आठवला. घाईघाईनं पुन्हा संपर्क केला की हो, त्या पोरीला पाच करा. तर यंत्र म्हणालं, त्यासाठी नवी तक्रार नोंदवा.

धोंडबाजी, तेव्हा मला खरंच वाईट वाटलं. वाटलं, आपण शाबासकी म्हणून किती जणांना नापास केलं असेल! बागेतल्या मंडळींनाही सांगून पाहिलं, पुढेमागे स्वयंपाकघर उघडलं तर पाच पाच देऊन टाका. बाकीचे तयार आहेत. सिंधूताई म्हणाल्या, दिलेले गुण मी बदलत नाही, पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करायला सांगा. (तो अर्ज मी आजच लिहून दिला आहे.)

बाकी विशेष काही नाही. थंडी बेताची आहे. विहीणबाईंना कमरेला शेक घ्यायला सांगावे. रजत ड्यूटीवरून येतो आणि माझ्याशी न बोलता जेवतो. सौ. देवकी बोलते, पण त्यापेक्षा ती न बोललेली बरी. लोभ आहेच, तो या पत्रानं कमी होऊ देऊ नये.

आपला,
बाबाराव

ता. क. आपण पाठवलेली संत्री मिळाली. ठीक होती. (फर्स्ट क्लास होती, असं वाचावे. हे आता दर वेळी लिहावं लागणार असं दिसतं.)

ता. क. दुसरा. हिमानीचा फोन तिच्याजवळच आहे. ‘बंद’चं बटण ‘सुरू’ करायला सावनेरहूनही चालतं, मी चौकशी केली. पण तिनं ते इथं येऊन, आमच्या ओट्याशी उभं राहून दाबावं, एवढीच इच्छा आहे.

ता. क. तिसरा. हे फक्त आपण वाचावे. त्या दिवशी पातोडी खाल्ल्यावर माझ्या मनात चार आले होते. मी आयुष्यात कुणाला चार दिलेले नाहीत. मग घरचं माणूस म्हणून एक कापला. रविवारी सकाळच्या गाडीनं मी स्वतः सावनेरला येतो आहे, तिला हे सांगायला. पण लिहिणं वेगळं आणि समोर उभं राहून सांगणं वेगळं. आपण लेकीला ‘छान झालं हो’ म्हणता तेव्हा नेमके कुठे बघता, आणि हात कुठे ठेवता, हे उलट टपाली कळवावे. खरं तर हे पत्र त्यासाठीच लिहिलं.

ता. क. चौथा (सौ. देवकीच्या हातचा). नमस्कार भाऊ. पाकीट चिकटवाले माह्याजवळ देल्लं, म्हणून मी सारं वाचून घेतलं. लगन झाल्यापासून हे जेवून उठताना ‘ठीक आहे’ म्हणत आले. मले वाटे, पोट भरलं, तेवढंच सांगून राहिले. आज समजलं का ते फर्स्ट क्लास होतं, अन् ते बी घरची म्हणून एक कापून. एवढी वर्षं मी पास होत राहिली अन् निकाल मलेच नाही सांगितला! तवा त्याईले काही शिकवून पाठवू नका. रविवारी हिमानीलेच पातोडी कराले लावजा, अन् एकदा वाढली का मंग तोंडानं पूर्ण वाक्य बोलल्याबिगर दुसऱ्यांदा वाढू नका. मी बी त्याईच्या संग येऊन राहिली. मले बी आयकाचं हाय.